गोडं आगर, खारं आगर

आता कुणी विचारलं, तर प्राप्ती ठणकावून सांगते की तिने आधी गणराजला पाहिलंच नव्हतं. आधी आला तो चिखल.

मार्गशीर्षातली रविवारची सकाळ होती. उरणच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. त्या दिवशी उशीर झाला म्हणून ती नव्या वसाहतीतल्या मोकळ्या प्लॉटमधून आडवी निघाली. चारी बाजूंना उंच बिल्डिंगा आणि मधोमध सगळ्यांनी मिळून टाकलेला कचरा, असा तो प्लॉट. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता. नाकाला ओढणी लावून ती भराभर चालली होती, आणि एका खड्ड्यातून फावडंभर काळा चिखल उडाला तो थेट त्या कुर्त्यावर!

"ओ हॅलो! माणसं दिसत नाहीत का?"

खड्ड्यातून एक डोकं वर आलं. कपाळावर चिखल, भुवईवर चिखल, आणि त्यातून दोन डोळे तिच्याकडे टकामका बघत होते.

"दिसतात..." तो म्हणाला, "पण जरा उशिरा दिसतात."

"चष्म्याच्या दुकानात आहे मी. या एकदा. नंबर काढून देते."

"तुमचा?"

प्राप्तीला असं हसू आलं की सांगता सोय नाही. पण कुर्ता पांढरा होता आणि हसलो तर भांडण फुकट जाणार, म्हणून तिने ओठ घट्ट मिटले. "काय चाललंय काय इथं?"

"आम्ही रविवारची मंडळी," तो खड्ड्याच्या काठावर बसत म्हणाला. मागे आठ-दहा जण प्लास्टिकच्या पिशव्या वेचत होते. त्यांच्या पुढारी, तिसऱ्या बिल्डिंगमधल्या पूनमताई, डोक्याला रुमाल बांधून हुकूम सोडत होत्या. "कचरा काढतोय. सगळ्यांसाठी काहीतरी करावं म्हणतोय. मला विचाराल, तर... इथे आगर करायचंय."

प्राप्तीचं हसू जागच्या जागी विरलं.

"आगर?" तिने विचारलं. "इथं? खरंच?"

"खरंच. अगदी घरच्यासारखं."

ती तडक वळली. तसाच माखलेला कुर्ता घेऊन दुकानात गेली आणि दिवसभर लोकांना चुकीच्या फ्रेमा दाखवत राहिली.

कारण त्या प्लॉटच्या भरावाखाली तिच्या बाबांचं आगर होतं. उरणच्या माणसाला आगर म्हणजे मिठाचं, दुसरं आगर त्याला ठाऊकच नाही. भरतीचं पाणी चौकटीत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि वर आलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीने ओढून त्याचे ढीग घालायचे. हिरामण घरतांचं सगळं आयुष्य त्या फळीवर गेलं होतं. लहानपणी शाळा सुटली की प्राप्ती तिथेच धावायची. पाय खाऱ्या पाण्यात, हातात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, समोर पांढऱ्या ढिगांवर उतरतं ऊन... पुढे जमीन संपादनात गेली, ट्रकवर ट्रक भराव पडला आणि बाबांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. बाजारात जायचं तरी लांबचा वळसा घालायचे. माणूस बोलका होता, तो हळूहळू ओटीवरच्या खुर्चीतला झाला.

त्या संध्याकाळी प्राप्ती त्या खुर्चीपाशी बसली. "बाबा, आपल्या जागेवर ती लोकं परत आगर करताहेत."

हिरामण खुर्चीत पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "खरा बोलतंस कं गो?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

पुढच्या रविवारी हिरामण घरत पहाटेच उठले. धुतलेला सदरा घातला, डोक्याला टोपी घातली आणि माळ्यावरून मिठाची ती लांब फळी खाली काढली. आई चहा द्यायची विसरली. इतक्या वर्षांनी फळी खांद्यावर टाकून ते निघाले, आणि त्यांच्या मागून प्राप्ती, छाती फुगवून.

प्लॉटवर गणराजने त्यांना पाहिलं आणि धावत आला. आज तोंड धुतलेलं होतं. बरं दिसत होतं, प्राप्तीने नको असताना टिपलं.

"या काका! आगराची माहिती आहे तुम्हाला?"

"जनम गेला त्याच्यान," हिरामण म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "भरतीचा पानी कुठून घेतलाव?"

"भरतीचं?" गणराज गोंधळला. "छे छे, खारं पाणी लागलं तर मरेलच की सगळं. गोडं पाणी हवं."

"गोऱ्या पान्याचा आगर?"

"हो... नारळी, पोफळी, मधून जायफळ. आमच्या गावाकडे, बोर्ली पंचतनला, घरोघरी असतं, घराच्या मागे..."

तो बोलता बोलता थांबला. हिरामणच्या खांद्यावरच्या फळीकडे त्याचं लक्ष गेलं होतं. मागून कुणीतरी विचारलं, "काका, हे वल्हं कशाला आणलंय?" आणि दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नव्हे... पण हसले.

हिरामणनी फळी खांद्यावरून उतरवली. काय करावं न सुचून ती आधी पाठीमागे धरली. ती माणसापेक्षा उंच, पाठीमागे लपते थोडीच? मग ते वळले आणि घराकडे चालू लागले.

प्राप्ती गणराजसमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

"आमच्याकडे आगर मिठाचं असतं. हे त्यांचं होतं, तू उभा आहेस ना, तिथंच. बागेला बाग म्हणता येत नाही का तुला?"

"आमच्याकडे बाग कुणी म्हणतच नाही," तो अगदी हळू म्हणाला. "आगरच म्हणतात... मला खरंच माहीत नव्हतं."

तिने त्या दिवशी ठरवलं, या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आणि ठरवल्याप्रमाणे ते तिने पूर्ण दोन दिवस पाळलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या ओटीवर उभा होता. हातात एक शहाळं, आणि चेहरा शाळेतून पत्र घेऊन आलेल्या मुलाचा.

"काका, माफी मागायला आलोय. आणि... एक मागणं पण आहे."

"बस," हिरामण म्हणाले. एवढंच.

"आमच्याकडे माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात. दुकानातलं मऊ मीठ नाही चालत. जाडं, आगरातलं लागतं. मी माड आणणार आहे घरून, श्रावणात लावू. त्याच्यासाठी तुमच्याकडचं मूठभर मिळेल का?"

प्राप्ती आतून दाराच्या चौकटीत आली होती. "आधीच ती जमीन खारट. त्यात आणखी मीठ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वर लाल माती घालू ना."

"ती कोण आणणार?"

"ते अजून... ठरलं नाही."

हिरामण हसले. आईने आतून भांडं खाली ठेवलं, इतक्या दिवसांनी ते हसणं ऐकून. "लाल माती दिपेस आनल," ते म्हणाले. दिपेश म्हणजे त्यांचा पुतण्या, डंपरवाला. "पन मिठाचा... बघू."

बघू म्हणण्याला कारण होतं. घरात निळ्या पिंपात, झाकण गच्च लावून, त्यांच्या आगरातलं शेवटचं मीठ ठेवलेलं होतं. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते प्राप्तीच्या लग्नाच्या जेवणासाठी होतं. आगर गेलं तेव्हाच हिरामणनी सांगून टाकलं होतं, माझ्या पोरीच्या पंक्तीत मीठ वाढतील ते माझंच. आईलासुद्धा लोणच्याला चमचाभर मिळालं नव्हतं.

दिपेशच्या डंपरने लाल माती आली. तिच्यामागून रविवारची मंडळी वाढली, आणि त्यांच्यात टोपी घातलेले हिरामण घरत आले. पूनमताईंनी त्यांना पाण्याच्या चरांचं काम दिलं. उधाणाच्या दिवसांत खालून खारं पाणी वर येई, ते कडेने काढून द्यायला चर लागत. एका हातात कुदळ, दुसरा कमरेवर, तोंडात शिव्या... प्राप्ती लांबून बघत राही. तिला तिचे जुने बाबा दिसत. का कुणास ठाऊक, मग तिची नजर गणराजकडे जाई, आणि तो नेमका तेव्हाच वर बघत असे.

"दिसतंय का आता?" ती विचारायची.

"लांबचं स्पष्ट दिसतं," तो म्हणायचा. "जवळचं बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मग चाळिशीचा चष्मा लागलाय, आजोबा."

तो कंटेनर यार्डात कंत्राटावर कामाला होता. दिवसभर डबे मोजायचे आणि रविवारी माती उकरायची. वांगी लावली, भेंडी लावली, पूनमताईंनी मोगऱ्याची आळी केली. पौषात शेताच्या बांधावरचा भांबुर्डीचा पाला आणून बागेच्या कोपऱ्यात पोपटी लावली. मडक्यातून वालाच्या शेंगा आणि अंडी गरम गरम निघाली, वास अख्ख्या वसाहतीत गेला आणि खिडक्यांमधून नुसतं बघणारे लोक ताटल्या घेऊन खाली उतरले. गणराजने तिला सोललेलं अंडं दिलं. बोटांना बोटं लागली... अंडं गरम होतं म्हणून बरं, नाहीतर गालांना लालीचं कारण काय सांगायचं?

आगर हा शब्द आता त्यांच्या दोघांचा झाला होता. तो म्हणायचा, "उद्या गोड्या आगरात येतेस?" ती म्हणायची, "खाऱ्या आगरातली माणसं बोलावल्याशिवाय येत नाहीत." तो म्हणायचा, "बोलावतोय की!" तेवढ्या दोन वाक्यांवर तिचा आठवडा निघायचा.

नारळी पुनवेला माड लावला. गणराज बोर्लीहून एसटीने, मांडीवर धरून, रोप घेऊन आला होता. खाली मोरा बंदराच्या जेटीवरून वाजंत्री ऐकू येत होती. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. एक सर यायची, पानं चमकवून निघून जायची.

"आज सगळे नारळ समुद्राला देतात," प्राप्ती म्हणाली, "आणि तू जमिनीला."

"समुद्राकडून घेतलेली जमीन आहे ना. त्याला एक देणं लागतोच आपण."

तेवढ्यात हिरामण आले. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. कुणाशी न बोलता ते खड्ड्यापाशी वाकले आणि मूठ उघडली. जाडं, करडसर पांढरं मीठ लाल मातीवर पडलं. प्राप्तीला माहीत होतं ते कुठल्या पिंपातलं आहे. ती बाबांकडे बघू लागली, पण ते माती लोटण्यात गुंग झाले होते. सर आली आणि सगळ्यांचेच चेहरे भिजले, त्यामुळे कुणाचं काय ते कळलं नाही.

नवरात्रात गावाहून बातमी आली. काही वर्षांपूर्वीच्या वादळात गणराजच्या घरचं आगर आडवं झालं होतं. वडिलांनी हिमतीने पुन्हा सगळं लावलं होतं. आता त्यांची कंबर धरली, पाणी द्यायला माणूस नाही. वाढत्या वयाची रोपं, येत्या उन्हाळ्यात पाणी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"जावं लागेल," तो म्हणाला. बागेत दोघंच होते. तो उगाच माडाच्या बुंध्याची माती सारखी करत होता, जी सारखीच होती. "प्राप्ती... आमच्या आगरात येशील? म्हणजे... बघायला नाही. राहायला."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. पण पलीकडे चरापाशी बाबा होते, टोपी मागे सरकवून, पोरांवर ओरडत. आगर गेलं तेव्हा हा माणूस कसा खुर्चीत बसला होता ते तिने पाहिलं होतं. आता मी पण गेले तर? आणि वर पुन्हा, आपण जातीने आगरी, आणि घर कुणब्याचं?

"हा माड लागला की सांगते," ती म्हणाली.

"लागला म्हणजे?"

"नवीन पान फुटू दे. जीव धरला की नाही, कळू दे."

"माडाने?"

ती उत्तर न देता पाण्याची बादली उचलून निघाली. बादली रिकामी होती, हे तिला घरी पोचल्यावर कळलं.

तो गेला. दर रविवारी फोन यायचा.

"माड कसा आहे?"

"बरा आहे. जरा... सुकलाय."

"जेवत नाही की काय?"

"भूक लागत नाही म्हणतो."

"त्याला सांग, इकडच्या माडांचंही तसंच आहे."

दिवाळी गेली, थंडी पडली. बागेत पुन्हा पोपटी लागली. प्राप्तीने अंडं सोललं आणि हातातच धरून बसली. माडाची जुनी पानं टोकाकडून तपकिरी होत चालली होती. ती रोज दुकानात जाताना मुद्दाम बागेतून जायची. बाबांचा जुना वळसा उलटा झाला होता म्हणा ना.

माघात एका रविवारी हिरामणनी बागेतून हाक मारली. "प्राप्ती! इकरं ये गो!"

ती धावत गेली. माडाच्या मधोमध, जुन्या पानांच्या आडून, एक कोवळं हिरवं पान सरळ वर आलं होतं. नुकतंच उलगडत होतं.

"झार लागला," हिरामण म्हणाले.

प्राप्ती आणखी जवळ गेली. नुसती उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत चुरगाळत.

"आता गो? त्या पोऱ्याला कवा सांगतंस?"

"बाबा!"

"मना काय कलत न्हाय? दर रविवारी फोनवर माराची चवकशी! कवरा बोलका मार हाय यो." ते हसले. मग चराच्या कडेला बसले आणि तिलाही हाताला धरून बसवलं. "तू माझ्यासाठी थांबलीस, व्हय ना?"

तिने मान हलवली. रडू येत होतं, ते आलंच.

"ऐक. आगर नेला तवा मना कोनी इचारला न्हाय. म्हनून लागला मनाला. यो पोऱ्या इचारतो तरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "इचारून नेलेला जात न्हाय गो पोरी. तो नातं जोरतो."

पुढच्या शनिवारी बापलेक पनवेलला गाडी बदलून बोर्ली पंचतनला निघाले. हिरामणच्या पायाशी एक भरलेली गोणी होती. कंडक्टरने काय आहे विचारलं तर म्हणाले, "मीठ. त्याचाही तिकीट देतंस कं?" प्राप्ती वाटभर मनात वाक्यं जुळवत होती. नमस्कार, मी प्राप्ती घरत, उरणहून आलेय, आमच्या बागेत गणराज... घाटाच्या प्रत्येक वळणावर एकेक वाक्य गळत गेलं.

गावात विचारत विचारत घर सापडलं. कुंपणाला बांबूचं फाटक, आणि पलीकडे नुसता हिरवा काळोख. ओल्या मातीचा, सुपारीच्या फुलोऱ्याचा वास. फाटकाशी गणराजची आई, सोनाबाई, माडाच्या झावळीचा झाप विणत बसली होती. तिने वर पाहिलं. आधी गोणीकडे, मग पोरीकडे.

"कोन गं तू? कुनाची?"

प्राप्तीचं एकही वाक्य उरलं नव्हतं. या प्रश्नात गाव, घर, जात सगळंच आलं होतं, हे तिला कळत होतं.

"मी... आगरी," ती म्हणाली.

सोनाबाईने हातातला झाप खाली ठेवला, पदराला हात पुसले. मग तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"आगरी व्हय? मग भायर कशाला उभी गं? आगरी मानसानं आगरात यावं." आणि तिने फाटक उघडलं. "आरं गणा! तुझं खारं आगर आलंय बघ!"

म्हणजे या माउलीला सगळं माहीत होतं!

पोफळींच्या रांगेतून गणराज पाण्याचा पाइप हातात घेऊन आला. तिला पाहिलं आणि उभाच राहिला. पाइपचं पाणी भदाभदा तिच्या पायांवर, चपलांवर, नव्या सलवारीवर.

"माणसं दिसत नाहीत का?" प्राप्ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"दिसतात..." तो म्हणाला. "पण... तू कशी..."

"लागला."

"माड?"

"माडसुद्धा."

तो तसाच बघत राहिला. पाणी तसंच वाहत राहिलं.

"आरं, पानी बंद कर आधी!" हिरामण ओरडले. त्यांनी गोणी फाटकाच्या आत आणली, सुतळी सोडली आणि पिंपातलं ते जाडं करडसर मीठ हातात घेऊन बघितलं.

गणराज पाइप टाकून लगबगीने पुढे झाला. "काका, खड्ड्यांसाठी एवढं आणलंत?"

"खड्ड्यात घालाय मूठभर घे," हिरामण म्हणाले. "बाकीचा लग्नाच्या जेवनाला ठेव. तुझ्या घरात ठेव."

सोनाबाईने पुढे होऊन गोणीचं तोंड बांधलं आणि ती उचलायला एका बाजूने हात लावला. दुसरी बाजू प्राप्तीने धरली.